बाटली न्यायची नाही

मालिनीबाईंना दारूबिरू प्यायची नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत अर्धवट ऐकूनच चारचौघींनी तोंडाला पदर लावला असता. साठीच्या बाई, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हिशेब सांभाळून निवृत्त झालेल्या, नवरा गंगेवरचा गुरुजी, आणि म्हणे यांना वाइन प्यायचीय, तीही जहाजावर! पण होतं ते खरंच. एक पेला प्यायचा होता त्यांना, एकच, आणि तो दुसऱ्या कुणी केलेल्या वाइनचा नव्हे. लेकीनं केलेल्या.

लेक म्हणजे स्वरदा. पुण्यात शिकून आली आणि दिंडोरीच्या बाजूला एका वाइन कंपनीत लागली. सुरुवातीला टाक्या धू, नमुने काढ, दुसऱ्यांचं चाखून बघ, असलीच कामं होती. पण गेल्या हंगामात साहेबांनी एक पूर्ण टाकी तिच्यावर सोपवली. द्राक्षं कधी तोडायची इथपासून बाटली कधी भरायची इथपर्यंत सगळं तिनं ठरवायचं. पोरीनं तेवढे महिने घराची धर्मशाळा करून टाकली होती. रात्री येऊन जेवायची आणि सकाळी उजाडायच्या आत पळायची.

आणि या सगळ्यात तिचे वडील, चिंतामणगुरुजी, काय करत होते? काही नाही. तेच तर दुखणं होतं. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि त्या गंगेवर येणाऱ्या यजमानांचं श्राद्ध, पिंडदान करणं हे यांच्या घराण्याचं काम. लेक वाइन करायला जाते म्हटल्यावर त्यांनी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. भांडणात निदान बोलणं तरी होतं. पण गुरुजींनी सहा वर्षांत तिच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गाडी नीट चालव म्हणायचे, स्वेटर घेतलास का विचारायचे, तिच्या आवडीची जिलबी आठवणीनं आणायचे. कामाचा विषय निघाला की मात्र उठून गॅलरीत तुळशीला पाणी घालायला जायचे. त्या तुळशीला एवढं पाणी झालं की दोनदा रोप बदलावं लागलं.

बाहेर कुणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आमची स्वरदा द्राक्षांवर संशोधन करते." खोटं म्हणाल तर खोटं नाही, पण खरं तरी कुठं? गेल्या दसऱ्याला एका पाहुण्याला ते हेच सांगत होते आणि स्वरदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही मुलगी तशीच मागं फिरली आणि ट्रे ओट्यावर ठेवून उभी राहिली. मालिनीबाईंना ते बघवलं नाही. त्या दिवसापासून त्यांची देवाकडे एकच मागणी होती. या माणसानं एकदा, नुसतं एकदाच, पोरीच्या कामाला नावानं हाक मारावी.

देव काही ऐकेना. तेवढ्यात पोरीनंच आईबापांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात हिंडून, लक्षद्वीप बघून परत यायचं. गुरुजी आधी नको नको म्हणाले. मग जहाजावर कांदालसणाशिवायचं जेवण मिळतं हे कळल्यावर जरा मऊ झाले, आणि भर समुद्रात सूर्याला अर्घ्य देता येईल असं त्यांचं त्यांनाच सुचल्यावर तर पिशव्या काढायला लागले.

निघायच्या आदल्या दिवशी स्वरदानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली आणून आईच्या हातात दिली. "आई, ही माझी," एवढंच म्हणाली. मालिनीबाईंनी कागद सोडवून बघितलं. गडद लाल रंगाची, फिरकीच्या झाकणाची साधी बाटली होती, लेबलावर कुठंही लेकीचं नाव नव्हतं. तरी त्यांचे डोळे भरून आले.

"ही मी जहाजावर नेणार," त्या म्हणाल्या. "समुद्राकडे बघत एक पेला पिणार. तुझी आहे म्हणून."

स्वरदानं लगेच जहाज कंपनीला फोन लावून विचारूनही घेतलं. एका खोलीत दोघं मोठी माणसं असतील तर एक सीलबंद बाटली नेता येत होती. फक्त ती हातातल्या सामानात ठेवायची आणि चढतानाच दाखवायची. लपवालपवी नको.

दाखवायची म्हटल्यावर गुरुजींचा पारा चढला.

"म्हणजे मी त्या रांगेत उभं राहून जगाला सांगायचं, की आमच्या पिशवीत बाटली आहे?"

"जगाला कशाला? जो विचारेल त्याला सांगायचं."

"आणि कुणी यजमान भेटला तर? अगं, कुणाच्या बापाच्या अस्थी या हातांनी सोडल्यात, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध केलंय. उद्या ते म्हणतील, गुरुजी बाटल्या घेऊन हिंडतात!"

"तुमचे यजमान काय जहाजावर तुमच्या पिशव्या हुंगायला येणार आहेत?"

"बाटली न्यायची नाही. विषय संपला, मालिनी."

आता विषय संपला असं जो म्हणतो, त्याचाच तो संपलेला असतो. मालिनीबाई पुढं बोलणारच होत्या, पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. स्वरदा बाहेर आली. तिनं आईच्या हातातली बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. "राहू दे आई," म्हणाली. बाबांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मालिनीबाई आंघोळ करून स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याशी थबकल्या. भांडी निथळायच्या जाळीत ती बाटली पालथी घातलेली होती. रिकामी आणि स्वच्छ विसळलेली. बेसिनपाशी आंबूस गोड वास अजून रेंगाळत होता.

मागून स्वरदा पाणी प्यायला आली. तिनंही बघितलं.

"ओतली?" तिनं विचारलं.

घरात माणसं तीन. त्यातल्या दोघी तिथंच उभ्या होत्या आणि तिसरा गॅलरीत शांतपणे संध्या करत होता. जन्मात स्वतःचा कप न विसळलेल्या माणसानं बाटली मात्र धुऊन ठेवली होती. स्वरदा पाणी न पिताच वळली. डबा पिशवीत टाकला, आईच्या पाया पडली, "सांभाळून जा" म्हणाली आणि रोजच्यापेक्षा लवकर कामाला निघून गेली. गॅलरीतून गुरुजींनी हाक मारली, "अगं, निघालीस?" तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

मालिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकलहऱ्याला असताना बिलात गडबड दिसली तर त्यांनी मोठ्या साहेबांनाही सोडलं नव्हतं, पण आज वेळ नव्हता. खाली गाडी येऊन उभी होती. आत्ता बोलायला लागले तर थांबणार नाही आणि जहाजही मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या मूग गिळून गाडीत बसल्या.

कसारा घाट उतरला तरी त्या बोलल्या नाहीत. गुरुजींनी चिवड्याचा डबा पुढं केला, त्यांनी मान फिरवली. "मळमळतंय का?" त्यांनी विचारलं, याही खिडकीबाहेर बघत राहिल्या. गुरुजींच्या मांडीवर त्यांची भगवी झोळी होती आणि झोळीत तांब्याचा गडू. गुरुजी बाहेरगावी निघाले की गडूत गंगेचं पाणी भरून घेतात, झाकण बसवतात आणि कडेनं लाख वितळवून तोंड बंद करतात. कुणाला तीर्थ हवं असतं, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं. त्या गडूला गाडीचा धक्का लागू नये म्हणून ते त्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते बघून तर मालिनीबाईंचा जीव आणखी जळला. गंगा मांडीवर घेऊन बसलेत, आणि पोरीचं वर्षभराचं काम मोरीत ओतून आलेत!

मुंबईला बंदरावर ही भली मोठी रांग होती. पिशव्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायच्या आणि पलीकडे जाऊन उचलायच्या. गुरुजींनी झोळी ठेवली आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"गुरुजी! तुम्ही इथं?"

जळगावचा दिनेश होता तो, यांचा यजमान. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचं सगळं गुरुजींनीच केलेलं. बायकोपोरांसकट उभा होता, आणि भर रांगेत वाकून पायाच पडला. ज्याची भीती घातली होती ते असं मूर्तिमंत समोर आलेलं बघून मालिनीबाईंना वाटलं, चला, बरं झालं बाटली नाही ते. आणि असं वाटल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

पट्ट्यापलीकडच्या पोरीनं झोळी थांबवली. तिच्या खिशावर पल्लवी असं नाव होतं. तिनं गडू बाहेर काढला, हलवून बघितला. आत काहीतरी डचमळलं.

"काका, यात काय आहे?"

गुरुजी बोलायच्या आत दिनेशच पुढं झाला. "अहो मॅडम, गंगा आहे ती. नाशिकचे आमचे गुरुजी आहेत हे."

त्या पोरीचा चेहराच बदलला. तिनं गडू दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, आणि परत झोळीत ठेवायला लागली. "घ्या काका, जा तुम्ही."

झालं होतं सगळं. झोळी उचलायची आणि चालायला लागायचं, एवढंच उरलं होतं. मालिनीबाईंनी पाऊलही उचललं.

"थांबा," गुरुजी म्हणाले.

त्यांचा आवाज चिरकला होता. घाटावर माइकशिवाय शंभर माणसांना ऐकू जाणारा आवाज तो!

"त्यात गंगा नाही," ते म्हणाले. "तुम्ही कपाळाला लावलंत, म्हणून सांगतो. गंगेच्या नावावर मला खोटं चालायचं नाही. त्यात वाइन आहे."

पल्लवीनं गडू पुन्हा हलवून बघितला. दिनेशचं तोंड उघडं पडलं. रांगेतल्या चार माना यांच्याकडे वळल्या.

"वाइन?" पल्लवीनं विचारलं.

"हो. माझ्या मुलीनं केलीय," गुरुजी म्हणाले, आणि कुणी न विचारताच पुढं म्हणाले, "ती वाइन करते. नाशिकला. स्वरदा तिचं नाव."

मालिनीबाईंना सकाळचं बेसिन दिसलं, जाळीतली पालथी बाटली दिसली, आणि रस्ताभर गडूला धरून बसलेले ते दोन हात दिसले. अरे देवा, आणि मी या माणसाचा चिवडासुद्धा खाल्ला नाही! त्यांना एकदम रडू आलं आणि हसूही आलं. शेवटी पदर तोंडाला लावून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

पल्लवीला हसू दाबता येईना. "काका, अहो बाटली असती तर चालली असती. खोलीमागे एक नेता येते. पण कंपनीचं सील लागतं. असं भांड्यात नाही चालत."

"सील आहे की! मी स्वतः लाख लावलीय."

आता मात्र मागची सगळी रांग हसली. दिनेशची बायकोही हसली. पल्लवीनं वरिष्ठाला विचारलं. तो म्हणाला, नियमानं हे ओतून टाकायला हवं. पण गडूकडे बघून त्याचाही हात होईना. शेवटी गडूच्या गळ्यात चिठ्ठी बांधून त्यांनी तो ठेवून घेतला, उतरताना परत मिळेल म्हणाले.

"गुरुजी," दिनेशनं कान खाजवत विचारलं, "मुलगी द्राक्षांवर संशोधन करते म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," गुरुजी म्हणाले. "वाइनच करते."

"मग चांगलीच असणार हो," दिनेश म्हणाला आणि आपली बॅग उचलून चालायला लागला. आभाळ काही कोसळलं नाही.

जहाज सुटायच्या आधी मालिनीबाईंनी लेकीला निरोप पाठवला. "ओतली नाही. बरोबर आणलीय. बाकीचं बाबा सांगतील." पलीकडून एवढंच आलं, "खरंच?" पुढं काही लिहायच्या आत फोनची रेंज गेली.

संध्याकाळी दोघं वरच्या डेकवर खुर्च्या टाकून बसले. किनारा मागं पडला होता, वारा सुटला होता, आणि गुरुजींची शेंडी काही केल्या जागेवर राहत नव्हती.

"बाटली न्यायची नाही म्हणालात," मालिनीबाईंनी सुरुवात केली.

"बाटली नाहीच नेली," गुरुजी समुद्राकडे बघत म्हणाले.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंत तुम्ही! आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा भरली. सांगणार होतो. पण तू बाहेर आलीस तीच डोळे वटारून. मग म्हटलं, जहाजावर गेल्यावर सांगू." त्यांनी उडणारी शेंडी मागं सारली. "आदल्या दिवशी नाही म्हणून बसलो होतो ना. नाही म्हटलेलं परत घ्यायची सवय नाही गं मला. आणि ती 'राहू दे आई' म्हणाली ते... ते काही डोक्यातून जाईना. रात्रभर कुशी बदलत होतो."

"पण गडूत कशाला?"

या प्रश्नाचंच गुरुजींना नवल वाटलं. "मग कशात? आपल्या घरातून मोलाचं जे काही बाहेरगावी गेलं ते गडूतूनच गेलं. आजोबांच्या वेळेपासून. नवा कोरा गडू घेतला, गंगा भरलेला नव्हे, तेवढं भान आहे मला. घासून लख्ख केला आधी."

मालिनीबाई कौतुकानं ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या काळजात लक्कन हललं. तांबं! आतून कल्हई नसलेलं, लख्ख घासलेलं तांबं. त्यात वाइन! ताक तासभर तांब्याच्या भांड्यात राहिलं तर कळकतं, चिंचेचं पाणी कळकतं, हे त्यांच्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांना ऐकवलं होतं. पण यांना कोण ऐकवणार? हे स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायचे. यांच्या लेखी तांबं म्हणजे सगळ्यात शुद्ध धातू. आता चार दिवस ती वाइन त्यात राहणार होती.

त्यांनी वाऱ्यानं उडणारा पदर खोचला.

"पिणार होतात?" त्यांनी दुसरंच विचारलं.

"छे, मी नाही. तू प्यायची होतीस. आणि मग मला सांगायचं होतंस."

"काय?"

"कशी झालीय ते."

"पोरीलाच विचारायचंत की."

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. मग ते मालिनीबाईंकडे न बघता म्हणाले, "कसं विचारू? सहा वर्षं विचारलं नाही. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

मालिनीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. चारचौघांत असं त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं, पण चारचौघं आपापल्या समुद्राकडे बघत होते. गुरुजी पुढं बोलतच होते. भरताना वास आला म्हणे. त्यांना वाटलं होतं दारूसारखा भपकारा येईल. "तसा नव्हता गं. जांभळं पिकून खाली पडतात ना, त्या झाडाखाली येतो तसा काहीसा होता." सहा वर्षांत लेकीच्या कामाबद्दल हा माणूस पहिल्यांदा बोलत होता, आणि त्याला सांगायचं, की तुमच्या हातानंच ती नासली? नाही सांगवलं. चार दिवस मालिनीबाईंनी निळं पाणी बघितलं, लक्षद्वीपची पांढरी वाळू बघितली, गुरुजींचं अर्घ्य बघितलं, आणि मनात सारखा तो गडू घोळत राहिला. जेवताना वेटर विचारायचा, वाइन घेणार का? त्या म्हणायच्या, नको, आमची घरची आहे.

परत उतरताना गडू मिळाला. गुरुजींनी तो नाशिकपर्यंत पुन्हा मांडीवर घेतला. या वेळी मालिनीबाईंनी चिवडा खाल्ला, पण त्यांचं लक्ष गडूकडेच होतं.

घरी स्वरदा दार उघडून उभीच होती. गुरुजींनी चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि देवासमोर न जाता आधी जेवणाच्या टेबलाशी आले. झोळीतून गडू काढून तिच्यासमोर ठेवला.

"तुझी आहे," ते म्हणाले. "आईला प्यायला मिळाली नाही. त्यांनी ठेवून घेतली. आता तिघं बसू. मी नाही घेणार, पण बसतो."

स्वरदानं गडूकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. मालिनीबाईंनी नुसतेच डोळे मिटले. स्वरदानं सुरीच्या टोकानं लाख खरवडली, झाकण काढलं आणि वाकून वास घेतला. एका पांढऱ्या वाटीत थोडं ओतलं. लाल रंगाचा मागमूस नव्हता, गढूळ तपकिरी काहीतरी वाटीत पसरलं.

काहीतरी गोड बोलून जा गं, मालिनीबाई मनात म्हणत होत्या. एकदाच खोटं बोल. पण ती त्यांचीच पोर होती, आणि त्याहून जास्त बापाची.

"बाबा," ती म्हणाली, "ही गेली. तांब्यात कळकली. कुणी तोंडाला लावू नका."

"गेली?" गुरुजींना कळेना. "म्हणजे काय? सील तर जसंच्या तसं आहे."

"तांब्याचं काम आहे ते. आंबट असते वाइन. तांबं उतरतं तिच्यात."

गुरुजी खुर्चीवर बसले. त्यांनी वाटी उचलून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. मग मालिनीबाईंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

मालिनीबाईंनी मान डोलावली.

"चार दिवस?" त्यांनी विचारलं, पण रागावले नाहीत. हाताच्या तळव्यांकडे बघत बसले. "म्हणजे मी ओतल्यातच जमा. पोरीचं पहिलं काम, आणि मी आपल्या हातानं... त्यापेक्षा बाटली तशीच राहिली असती तर निदान तुम्ही दोघींनी तरी..."

"बाबा, गप्प बसा," स्वरदा म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही मोरीत ओतली. चार दिवस मी त्या बेसिनमध्ये हात धुतला नाही, माहितीये? आईचा निरोप आला तरी खरं वाटत नव्हतं. नासली तर नासली. तिथं अजून शेकडो बाटल्या आहेत."

गुरुजींनी घसा खाकरला. एकदा गॅलरीकडे बघितलं, तुळस दिसली, पण ते उठले नाहीत.

"नीट असती तर," त्यांनी विचारलं, "कशी लागली असती?"

स्वरदानं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. सुरुवातीला शब्द शोधत होती. आधी जांभळासारखं काहीतरी, मग जिभेच्या कडेला थोडं तुरट, आणि अगदी शेवटी मिरीचा चटका. गुरुजींनी मध्येच विचारलं, मिरी घालतेस का? नाही हो बाबा, द्राक्षातूनच येतं ते. द्राक्षातून मिरी कशी येईल? मग ती ऊन सांगायला लागली, माती सांगायला लागली, रात्रीच्या गारव्यात द्राक्षं का तोडायची ते सांगायला लागली. गुरुजी एकामागून एक विचारत राहिले. मालिनीबाईंनी गुपचूप कुकर लावला, आणि तो मोठ्यानं शिट्ट्या मारतोय हे त्या दोघांच्या कानावरही गेलं नाही.

"उद्या सकाळी एक श्राद्ध आहे," शेवटी गुरुजी म्हणाले. "दुपारनंतर तुझ्याकडे येतो. पिणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पण त्या टाक्या दाखव."

"आमच्याकडे?" स्वरदानं डोळे पुसले. तिचा मूळचा खट स्वर परत येत होता. "शेंडी, उपरणं, सगळं घेऊन? तिथं कुणी विचारलं, हे कोण, तर मी काय सांगू?"

गुरुजींनी खांद्यावरच्या उपरण्याकडे बघितलं.

"सांग, माझा बाप आहे," ते म्हणाले. "फार उशिरा आला म्हणावं."

टेबलावरून हात पुढं करून स्वरदानं बापाचा हात धरला, आणि मालिनीबाई कुकरखालचा गॅस बंद करून त्या दोघांच्या शेजारी येऊन बसल्या.